तीन तास, चौदा आठवडे

सॉफ्टवेअर प्रोजेक्ट कसा सांभाळावा, या विषयात मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा गचकलो असतो तर विद्यापीठ चौथी संधी देत नव्हतं. बाकीचे अठरा विषय पास असूनही पदवी हातची गेली असती. अठरा विषयांत पास झालेला आणि एकाही परीक्षेला न बसलेला, दोघे कागदावर सारखेच दिसतात, हे मला विभागातल्या कारकुनाने फार आनंदाने समजावून सांगितलं होतं.

विषय शिकवणारे सर सडपातळ, स्वच्छ आणि भयंकर शांत. त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नसावा. गरजच नव्हती, नियमच तसे होते. वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक गटाचा एक फळा आणि त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, ती एकातून दुसऱ्यात सरकवायची. "जे फळ्यावर नाही, ते घडलेलं नाही," सर म्हणत. काम कोणत्या दिवशी संपेल ते पहिल्याच आठवड्यात लिहून, सही करून द्यायचं. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला एक गुण कापला जाई.

"आणि लवकर झालं तर?" पुढच्या बाकावरच्या एका उत्साही प्राण्याने विचारलं.

"शून्य," सर म्हणाले. "उशीर कोणालाही होतो. लवकर होणं म्हणजे अंदाजच चुकला. ज्याला अंदाज येत नाही, त्याने प्रोजेक्ट सांभाळू नये."

मी आधीच्या दोन्ही खेपांना उशिरानेच बुडालो होतो. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे या वेळी मी ताकही फुंकून प्यायचं ठरवलं आणि नियमात बसतात तेवढे सगळे, म्हणजे चौदा आठवडे, लिहून दिले.

आम्ही तिघे होतो. दोनदा नापास झालेला अनुभवी माणूस म्हणून मॅनेजर मी. लंबूकडे धोक्यांची वही. काय काय बिघडू शकतं ते आधीच ओळखून त्यात लिहायचं, आणि लंबू तर जन्मजात भित्रा, त्यामुळे वही भराभर भरू लागली. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर बनवायचं काम उरलं ते घुमीकडे. तिचं खरं नाव हजेरीपटात असेल, पण दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात तिची नोकरी ठरलेली होती. अट एवढीच, की याच सत्रात सगळे विषय सुटले पाहिजेत.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठात सापडलेल्या वस्तूंची खिडकी सांभाळणाऱ्या मावशी. त्यांच्या मागे छतापर्यंत फळ्या, आणि समोर एक जाडजूड रजिस्टर. त्यात 'काळी छत्री' अशी नोंद चारशे बारा वेळा होती. कोणती छत्री कोणत्या फळीवर आहे, ते चटकन सापडावं एवढीच त्यांची मागणी होती.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आम्ही रोजच्या मीटिंगला उभे होतो. ही मीटिंग उभ्यानेच करायची असा नियम होता, म्हणजे म्हणे ती लवकर संपते. काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढं प्रत्येकाने सांगायचं. घुमीची पाळी आली.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"सॉफ्टवेअर."

"कुठलं?"

"आपल्याला दुसरं दिलंय का?"

मंगळवारी दुपारी ती मावशींच्या खिडकीत तीन तास बसली होती आणि सगळं करून मोकळी झाली होती. मावशींनी ते वापरायलाही घेतलं होतं. बुधवारी सकाळी एका प्राध्यापकांची कवळी त्यांनी चार सेकंदांत काढून दिली, तेव्हा प्राध्यापकांना इतका आनंद झाला की त्यांनी ती तिथल्या तिथे लावून आभार मानले.

मी घाबरून विचारलं, "तुला हे कोणी करायला सांगितलं?"

"तू," घुमी म्हणाली. "चिठ्ठी होती फळ्यावर."

"अगं, चिठ्ठी होती म्हणून लगेच करायचं?"

लंबू मटकन खाली बसला. मीटिंगमध्ये बसायचं नसतं, हेही तो विसरला. सरांना कळलं असतं तर तिघांनाही शून्य, आणि माझा तर कायमचा निकाल. म्हणून ठरलं की काम झालेलं नाही. घुमीची चिठ्ठी आम्ही 'चालू' या रकान्यात लावली, आणि पुढचे बारा आठवडे, झालेलं काम होत असल्याचं दाखवण्यात माझा जीव मेटाकुटीला आला.

दर शुक्रवारी सरांना प्रगती दाखवावी लागे. मी स्क्रीनवर जाड पुठ्ठा चिकटवला आणि दर आठवड्याला तो दोन बोटं खाली सरकवू लागलो. वरच्या भागात जे दिसेल ते झालं, पुठ्ठ्याखालचं व्हायचंय. सर पट्टी काढून मोजत. "सदतीस टक्के," ते म्हणत. "गेल्या वेळेपेक्षा सात जास्त. सांभाळून, घाई होतेय." मग पुढच्या आठवड्यात मी एकच बोट सरकवायचो.

मावशींचा फोन आला की मला घाम फुटे. "बाळा, किती छान चाललंय रे तुमचं ते! आज तेवीस छत्र्या गेल्या."

"मावशी, जरा कमी वापरा ना."

"का रे, झिजतं का?"

रोजच्या मीटिंगमध्ये लंबू अर्धा तास धोके वाचून दाखवे: लंबूला ताप येणे, फळा पडणे, फळा लंबूवर पडणे. मी चिठ्ठ्यांच्या रंगांबद्दल बोलत असे. घुमी खरं तेच सांगे. "काल काही नाही. आज काही नाही. अडचण, पाय दुखतात."

घरी आई शिवणाच्या मशीनवर असायची. एकदा तिने विचारलं, "एवढा दमतोस, करतोस तरी काय?" मी सगळं सांगितलं.

"म्हणजे पँट शिवून तयार आहे आणि गिऱ्हाइकाला मंगळवारी या म्हणून सांगायचं. हेच ना?"

"साधारण."

"त्याला पदवी लागते?" आईने दोरा दाताने तोडला. "पण मी शिवलेलं असतं हो. तुमच्यात शिवलं कोणी?"

"घुमीने."

"मग तिचं चांगलं होऊ दे," आई म्हणाली आणि परत पायडल मारायला लागली.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. प्रत्येकाने आपल्या तासांचा तक्ता भरून स्वतः सही करायची, आणि चाळीस तासांपेक्षा कमी भरले तर तो माणूस नापास. माझे दोनशे बारा तास झाले होते. लंबूचे एकशे अठरा, त्यातले सत्तर नुसत्या धोक्यांचे. घुमीचे तीन.

"अगं, लिही काहीतरी," मी तिला दोन-तीनदा म्हटलं. "विचार केला, लिही. मीटिंगा लिही."

"मीटिंगमध्ये मी काय केलं?"

"उभी राहिलीस!"

"तीन तास काम केलं. तीन लिहिले," ती म्हणाली. एका दमात एवढं बोलून ती थकल्यासारखी वाटली.

मी आणखी जोर करायला हवा होता. नाही केला. खोटं कशाला बोला, मला माझं पडलं होतं. तिचा तक्ता मी गुपचूप बाकीच्या कागदांखाली सरकवला आणि सरांचं लक्ष जाणार नाही असं स्वतःला सांगितलं. लक्ष न देण्याबद्दल ज्यांची ख्याती आहे असे शिक्षक मला शाळेत भेटले होते. हे त्यांतले नव्हते.

चौदाव्या आठवड्यात, ठरलेल्या तारखेला, शेवटचं सादरीकरण झालं. मावशींनाही बोलावलं होतं. पुठ्ठा आता एक बोट उरला होता. सरांनी कागद चाळले आणि घुमीच्या तक्त्यावर थांबले.

"तीन," ते म्हणाले. "नापास."

बोलण्यात घुमीचा हातखंडा कधीच नव्हता. तिने फक्त पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ते मला बघवलं नाही. गेली पदवी तर जाऊ दे, असं खरोखर वाटलं, आणि मी उभा राहिलो.

"सर, सॉफ्टवेअर दुसऱ्या आठवड्यातच झालंय. हिने एकटीने तीन तासांत केलं. आम्ही दोघांनी काहीही केलेलं नाही. आम्ही फक्त पुठ्ठा सरकवला."

लंबूने डोळे मिटले. सरांनी चष्मा पुसला.

"फळ्यावर आहे?"

"नाही. चिठ्ठी 'चालू'मध्ये आहे, पण..."

"मग झालेलं नाही."

"अहो, मी बारा आठवडे वापरतेय!" मावशी उठून म्हणाल्या. "आठशे नव्वद वस्तू परत गेल्यात!"

सरांनी लंबूकडे हात केला. लंबूने धोक्यांची वही दिली. "धोका क्रमांक सतरा," सरांनी वाचलं. "काम पूर्ण होण्याआधीच गिऱ्हाईक वापरू लागणे." त्यांनी मान डोलावली. "आधीच ओळखलंत. शाबास."

माझं डोकं फिरलं. मी ताडताड चालत फळ्यापाशी गेलो, घुमीची चिठ्ठी ओरबाडून काढली आणि 'झालं' या रकान्यात थापटी मारून लावली. "हे घ्या! झालं! आता तरी झालं ना?"

सरांनी घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरची तारीख, मग मी चौदा आठवड्यांपूर्वी सही केलेला कागद.

"झालं," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता. "अगदी ठरल्या दिवशी. अकरा वर्षांत एकाही गटाला जमलं नव्हतं." ते उठून टाळ्या वाजवू लागले, आणि मग सगळा वर्ग वाजवू लागला. मला शंभरपैकी शंभर मिळाले. मावशींनीही टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं घुमीसाठीच चालल्या आहेत. घुमीचे तीन तास तीनच राहिले. इस्पितळातली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

पदवी घेऊन घरी आलो तेव्हा आईने पहिलं काय विचारलं असेल तर, "त्या मुलीचं काय झालं?" मी जेवायला बसलो.

पुढच्या सत्रात सरांनी मलाच हाताशी घेतलं. शंभर गुणांचा माणूस त्यांना सोडवेना. तासांचे तक्ते गोळा करणं माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या बाकावर घुमी दिसली. तिच्या गटाला ग्रंथालयाचं काम होतं; मन लावलं असतं तर तिला दोन दुपारी पुरल्या असत्या. तिने कॉम्प्युटर उघडलाही नव्हता. रोजची मीटिंग ती व्यवस्थित उभी राहून करायची, अडचणी सांगायची, चिठ्ठ्यांच्या रंगांबद्दल मत द्यायची. चांगलं सलग पाच-पाच मिनिटं बोलायची.

शुक्रवारी तिने तक्ता माझ्यापुढे ठेवला. विचार, नऊ तास. चर्चा, अकरा. नियोजन, वीस.

"चाळीस होतात," ती म्हणाली. "बरोबर आहे ना, सर?"

मला कोणी सर म्हणण्याची ती पहिलीच वेळ. माझे कान तापले. खाली जाऊन मावशींच्या खिडकीत तिला परत बसवावं, असं फार वाटलं. पण मागे रांग होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि सही केली.