उजवीकडची गायिका

पियानोचे सूर लावण्यात हयात गेलेल्या भावोजींना मेहुण्याच्या दुकानातलं काहीच खरं वाटेना. एवढ्या महागड्या हेडफोनमध्ये गायिका कशी अगदी समोर, मधोमध ऐकू यायला हवी. ही उजवीकडे सरकली होती.

"मुद्दाम किरकोळ अँप्लिफायर जोडलास!"

"सख्ख्या मेहुण्यावर संशय? तुम्ही ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्याल!" मेहुण्याने हसत मोठा अँप्लिफायर जोडला. आवाज भरदार झाला, पण गायिका उजवीकडेच.

"म्हणजे हेडफोनचीच डावी बाजू मेलीय. तरीच म्हटलं, सूट एवढी कशी!"

"मग उलटा घाला, भावोजी. दोष हेडफोनचा असेल तर बाई डावीकडे जाईल."

भावोजींनी चोर पकडल्याच्या थाटात तो उलटा चढवला. बाई जागची हलली नाही. त्यांनी दुसरा हेडफोन मागितला. त्यातही तीच गत. मेहुण्याचं हसू मावळलं.

भावोजींनी हेडफोन हळूच काउंटरवर ठेवला आणि डावा कान चोळला.

"मागच्या महिन्यात तुझ्या लेकीचा पियानो मी लावला होता," ते म्हणाले. "ती काही बोलली का रे?"

मेहुणा खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला.