आज खाटेला सुट्टी आहे

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. जुनी म्हणजे वयाने. वापराचे विचाराल, तर मित्रांनो, कितीतरी वर्षे माझ्यावर कोणी टेकलेसुद्धा नव्हते.

माझा जन्म चेन्नईतल्या एका कारखान्यात झाला. त्या वर्षी परदेशातून सार्स नावाचा ताप येणार, अशी हवा होती. सरकारने घाईघाईने तांबरमच्या बाजूला एका इस्पितळात वेगळा कक्ष बांधला. बाहेरून येणाऱ्या संशयितांना तिथे ठेवायचे, असा बेत होता. आम्ही खाटा लॉरीतून उतरलो आणि रांगेत उभ्या राहिलो. ताप काही आमच्यापर्यंत आला नाही.

मग समितीने ठरवले, की पुढची साथ सांगून येणार नाही, तेव्हा कक्ष कायम तयार ठेवावा. भांडारपाल नारायणस्वामींनी याचा अर्थ असा लावला, की आत कोणालाही येऊ देऊ नये. त्यांनी कुलूप घातले. माझ्या गादीवरचे प्लॅस्टिकही राहू दिले. मार्चअखेर आली की मात्र निधी संपवावा लागे. मग अंगावर एक ओरखडा नसताना आम्हाला नवा रंग लागे. एका वर्षी पडदे आले. एका वर्षी दुसरे कुलूप आले. पाहणीला आलेले साहेब दाराच्या काचेतून बघत, "फार स्वच्छ" म्हणत आणि जेवायला जात.

मला एकच कुतूहल होते. माणूस झोपतो म्हणजे नेमके काय करतो? जड होतो का? कुठे जातो? शेजारच्या खाटेला विचारले, पण तिचेही शिक्षण माझ्याइतकेच.

कक्ष उघडे तो आयुधपूजेला. त्या दिवशी आमच्याकडे बसपासून शिलाई यंत्रापर्यंत कामाच्या प्रत्येक वस्तूला चंदन-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला विश्रांती देतात. माझ्या दांडीलाही टिळा लागे. न केलेल्या कामाची विश्रांती मी मनापासून घेई. आपण देव आहोत, अशी माझी जवळजवळ खात्री पटली होती.

मग स्वाइन फ्लूचे वर्ष आले. शहरातले बाकीचे कक्ष भरले. ऐन आयुधपूजेच्या दुपारी, नारायणस्वामी चुरमुरे वाटत असताना, विमानतळावरून रुग्णवाहिका आली. तिची पूजा व्हायची होती, म्हणून ती चालत होती. आतून मैलापूरच्या सईबाई आणि त्यांची लेक भव्या उतरल्या. घराणे तंजावरकडचे मराठी. दोघी सिंगापूरहून येत होत्या. भव्याचे गाल तापाने लाल झाले होते.

"आज खाट मिळणार नाही, अम्मा," नारायणस्वामी म्हणाले. "पूजा झाली. उद्या सकाळी या."

"अय्यो, ताप उद्यापर्यंत दारात थांबेल काय, सार?"

"ताप थांबणार नाही. पण खाटेला आज सुट्टी आहे."

"मग पोरीला कुठं निजवू? तुमच्या टेबलावर?"

"टेबलाचीही पूजा झाली."

सिस्टर सरोजा थर्मामीटर आणायला धावल्या. त्यालाही टिळा होता. मग त्यांनी भव्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

भव्या एका बाजूला कलली. तिने भिंत धरली. आयुष्यात प्रथमच मला वाटले, पुढे व्हावे. पण उभे राहण्यापलीकडे मला काही शिकवलेले नव्हते.

"मामा," भव्या म्हणाली, "खाटेचं काम काय?"

"रोग्याला झोपवणं."

"मी रोगी आहे?"

नारायणस्वामी नियमाचे पक्के. "रिपोर्ट येईपर्यंत नाही. तोवर तू संशयित."

"मग मी निजले तर ती काम करत नाही. मी नुसती पाहुणी."

नारायणस्वामींनी डोळे मिटून विचार केला. "कागदावर बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

प्लॅस्टिक कापायला कात्री हवी होती. कात्रीही पूजेत होती. "माझ्या दातांची पूजा कुणी केली नाही," असे म्हणून सईबाईंनी मास्क खाली ओढला आणि ते टराटरा फाडले.

भव्या माझ्यावर निजली. मित्रांनो, माणूस जड नसतो. गरम असतो. आणि झोपला की कुठेही जात नाही. तिथेच असतो. रात्रभर मी जराही करकरले नाही.

दुसरा दिवस विजयादशमीचा. ताप उतरला होता. त्या दिवशी मुले पूजेतले पुस्तक उचलून एक तरी अक्षर काढतात. भव्याला तमिळ लिहिता येई, इंग्रजी येई, मराठी मात्र नाही. काचेपलीकडून सईबाई म्हणाल्या, "आज आपलं अक्षर काढ गे." त्यांनी बोटाने काचेवर गिरवून दाखवले. भव्याने केसातली पिन काढली आणि रंगाचे सगळे थर खरवडत माझ्या दांडीवर 'भ' कोरला. माझा पहिला ओरखडा!

भव्या घरी गेली. तिला तो रोग नव्हताच, असा रिपोर्ट त्यानंतर सावकाश आला. तिच्यामागून खूप माणसे आली. रंग उडाला, पाय वाकला, मी करकरू लागले.

साथ ओसरली आणि मार्च आला. एका हातात कुलूप घेऊन नारायणस्वामी रंगाऱ्याला कक्ष दाखवत होते. 'भ'पाशी ते थबकले. ती लिपी त्यांनी फक्त दिल्लीहून येणाऱ्या सरकारी कागदांवर पाहिली होती, वाचता येत नव्हती.

"हे दिल्लीचं दिसतं," ते हळूच म्हणाले. "याला ब्रश लावू नको."

दिल्लीची खूण असलेली खाट कुलपात ठेवायची की नाही, याचा नियम त्यांना अजून सापडलेला नाही. तोवर दार उघडे आहे. मित्रांनो, आपल्या वस्तूंना टिळा जरूर लावा. मला तो फार आवडतो. पण त्याआधी घटकाभर टेका.