मामा पाया पडायला तयार आहेत

रविवारी सकाळी सालेकशाजवळच्या आमच्या गावात धनलाल रहांगडालेंच्या घरी वडे तळणं चाललं होतं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे उडदाचे वडे आलेच. पण त्यांच्या बायकोचा, चमेलीबाईंचा, एक घाणा करपला, दुसरा कच्चा राहिला. धनलाल ओसरीवरून फाटकापर्यंत नि फाटकापासून ओसरीपर्यंत येरझारा घालत होते, मिनिटामिनिटाला फोन काढून बघत होते. मुलीच्या लग्नाला सोळा दिवस उरले होते आणि ते होणार की मोडणार, हे आज ठरायचं होतं.

मुलगी रविता. विमानात नोकरी करते, तीन वर्षं झाली. गावाने आधी तिला नावं ठेवली, मग तिच्यासोबत फोटो काढून घेतले. माघात सडक अर्जुनीच्या उमेंद्रशी तिचं फलदान झालं, म्हणजे साखरपुडा. सोयरीक जुळवली ती उमेंद्रच्या मामाने, शालीकरामने. ही मोठी आसामी, समाजात शब्दाला वजन.

मागच्या सोमवारी हैदराबादहून गोंदियाला येणाऱ्या छोट्या विमानात रविता आणि प्रिया या दोघीच कामावर होत्या. प्रिया अगदी नवीन, तिचा दुसराच महिना. प्रवाशांत शालीकराम होता. त्याने थंड पेयाच्या बाटलीत दारू मिसळून आणलेली. पट्टे बांधायची सूचना झाली तरी गडी उभाच. प्रियाने बसायला सांगितलं, तर तिचं मनगट धरून तिला शेजारच्या रिकाम्या सीटवर ओढलं. सोडेचना. रविता धावत आली, तर हा खुशीत येऊन साऱ्या विमानाला सांगू लागला की ही आपलीच होणारी भाचेसून आहे, आता घरचाच कारभार. लोक हसले. एकाने तर, बुजुर्ग आहेत, जाऊ द्या मॅडम, असा सल्लाही दिला. सल्ला द्यायला काय जातं! रविताने प्रियाचा हात सोडवला, वैमानिकाला कळवलं. गोंदियाला उतरल्यावर सुरक्षा रक्षकांनी शालीकरामला सगळ्यांदेखत बाजूला नेलं. रविताने जे घडलं ते लिहून दिलं. कंपनीच्या चौकशी समितीपुढे तिची साक्ष आता येत्या मंगळवारी होती.

दहाच्या सुमारास गाडी आली. उमेंद्र, त्याची आई निर्मलाबाई आणि स्वतः शालीकराम. गावातले चार शहाणे म्हणून जे बोलावले होते, त्यांत मीही होतो. निर्मलाबाईंनी टाईप करून आणलेला कागद पुढे ठेवला. तक्रार गैरसमजातून झाली, असं त्यावर होतं. रविताने सही केली तर लग्न, नाहीतर नाही.

रविता म्हणाली, ही सही केली तर प्रिया खोटी ठरेल आणि तिची नोकरी जाईल. हात माझा धरला असता तर कदाचित मी गिळूनही टाकलं असतं, पण तिचं मी कसं गिळू?

मग निर्मलाबाईंनी हुकमी पान टाकलं. आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो, भाच्याच्या, भाचेसुनेच्याही पडतो. या चालीचा आम्हाला केवढा अभिमान! त्या म्हणाल्या, "माहा भाऊ पोरीच्या पाया पडते, सगळ्यायसमोर. आणखी काय पायजे तुमाले?"

धनलालचा चेहरा उजळला. खरं सांगतो, मलाही वाटलं, सुटलो एकदाचे. शालीकराम उठलाही.

रविताने पाय मागे घेतले. "माह्या कायले पडता? प्रियाच्या पडा. मी आताच फोन लावून देते, माफी मागा तिची."

शालीकराम थांबला. त्याला खरोखरच कळेना. "त्या परक्या पोरीची? काऊन? ते का माही भाची आहे?"

रविताने उमेंद्रकडे पाहिलं, तुझं काय म्हणणं म्हणून विचारलं. तो, मामाजी म्हणतील ते, एवढंच बोलला. धनलाल हात जोडून म्हणाले, "बाई, लग्न मोडून राहिलं तुहं. कर ना सही."

तेवढ्यात चमेलीबाई वड्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. ताट त्यांनी पाहुण्यांपुढे ठेवलं नाही, दारातच खाली ठेवलं.

"फलदानाच्या दिवशी मी भात वाढून राहिली होती," त्या शालीकरामकडे बघत म्हणाल्या, "तं यानं माहा हात धरला. भर पंगतीत. मी सोडा म्हटलं, तरी हासत होता."

निर्मलाबाई उसळल्या, हे कुभांड आहे म्हणाल्या.

"रविताच्या बाबाले विचारा."

धनलाल जमिनीकडे बघत म्हणाले, "धरला होता. मी पाह्यलं. सोयरीक तुटन म्हणून गप्प राह्यलो."

पाहुणे चहा न घेता गेले. लग्न मोडलं. रविता दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने साक्षीला निघाली. चमेलीबाई तिला स्टेशनवर सोडायला गेल्या, आणि धनलालही मागोमाग गेले.

आता सगळं गाव धनलालला नावं ठेवतं, कसला हा नवरा म्हणून. मी ठेवत नाही, मला तेवढं तोंड नाही. त्या पंगतीत धनलालच्या शेजारी मी बसलो होतो. चमेलीबाई हात सोडवू बघत होत्या, ते मलाही दिसलं होतं, आणि मी मान खाली घालून भातात कढी कालवत राहिलो.