माझ्यावर एक पडतो तेव्हा

मी फासा बोलतोय. सोंगट्यांच्या पटावरचा नव्हे, पितळेचा, वीस तोंडांचा.

माझा जन्म लोधीपुऱ्यातल्या एका लेथच्या दुकानात झाला. रश्मी पितळेचा तुकडा घेऊन आली, तेव्हा कारागीर योगेंद्र हसला. "ताई, लूडोला सहा पुरतात ना! वीस तोंडं कशापायी?"

"दादा, माझ्या खेळात वाफेवर उडणारी जहाजं आहेत, मंत्रांवर चालणारी इंजिनं आहेत. सहात भागत नाही."

"मंत्रावर इंजिन? मग डिझेल वाचलं!"

चार दिवस तो मला कानशीने घासत होता. सोळा हा आकडा त्याने दोनदा कोरला, मग जीभ चावून त्यातला एक खोडला.

रश्मी सात वर्षं परदेशात शिकून बुऱ्हाणपूरला परतली होती. हा खेळ तिला तिथेच भेटला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि धाडस करायचं झालं की फासा टाकायचा. वीस म्हणजे फत्ते, एक म्हणजे घात. आपल्या गावच्या माणसांनी एकत्र बसून अख्खी नगरी उभी करावी, हा तिचा ध्यास. राजघाटाजवळच्या घरी दर रविवारी दुपारी ती सतरंजी झटकून तयार.

पण नगरी सगळी तिनेच बांधून ठेवलेली. नावं अशी की जीभ अडखळावी. इतिहास सांगण्यातच अर्धा तास जाई. सहा खेळाडूंचे तीन उरले. "आज रंगलं नाही, तर बंद," त्या रविवारी ती मला मुठीत धरून पुटपुटली.

तिघे आले. केळीच्या बागांच्या फोपनार गावची तृप्ती, शाळेतले समाधान सर, आणि पॉवरलूमचे जॉबर कडूकाका, म्हणजे माग बिघडला की ज्यांना हाक मारतात ते. खेळातही काका जहाजाचे इंजिनवाले. जहाज किल्ल्याकडे दामटायला त्यांनी मला फेकलं. मी गडगडलो, अडखळलो आणि नेमका एकवर बसलो.

रश्मीने नियम वाचला. "बॉयलर फुटला. जहाज कोसळलं. सगळे मेले."

तृप्तीने पिशवी उचलली. "मेलेच आहे, तर साडेचारची बस पकडते."

काका मात्र हलले नाहीत. "असं कसं बेटा? मशीन कधी एकदम मरते का? चाळीस साल झाले मला या कामात. आधी ती आवाज करते, मग वास येतो, मग थांबते. तुझी तर मुकीच निघाली!"

"काका, ते खोटं इंजिन आहे," समाधान सर म्हणाले.

"खोटं असू द्या, मास्तर. आवाज तर खरा पाहिजे!"

रश्मीने वही मिटली. "काका, कसला आवाज येतोय?"

काकांनी कान टवकारले. "सूं... सूं... डाव्या नळीतून वाफ गळून राहिली."

"मग बांधा ना!" तृप्तीने पिशवी खाली टाकली. "आमची ठिबकची नळी फुटली की आम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो."

"आभाळात सायकल कुठली?" समाधान सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही जादूगार ना? मंत्र म्हणा!"

समाधान सरांनी डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हटला. सातव्या घराशी चुकले, म्हणून जहाज किल्ल्याऐवजी तापीच्या वाळूत उतरलं. साडेचारची बस गेली. कुणाला आठवलीही नाही.

आता माझ्या कडा झिजल्यात आणि सतरंज्या दोन लागतात. तुम्ही असा खेळ मांडलात, तर माझं ऐका. नगरी अर्धीच बांधा, उरलेली समोरच्यांना विचारा. बॉयलरमध्ये पाणी कोण भरतं, हेही विचारा. त्यातूनच गोष्टी निघतात. आणि एक पडला तर दार लावू नका. बिघाडाला आधी बोलू द्या.

चला, माझी पाळी आली. नव्याने आलेल्या धुरपदाबाईंनी मला ओंजळीत घोळवायला घेतलंय. डोळे घट्ट मिटून त्या पुटपुटताहेत, "एक पडू दे रे देवा, एक!"