डेल्मसचा पिसारा

डेल्मस क्रेनने माझ्या बापाला रानातून उठवलं. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

गेल्या वसंतात बाबा ओकच्या बुंध्याला टेकून लाकडी डबी घासत होते. तिच्यातून टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज निघतो. नर उत्तर देत जवळ येत होता आणि मी शेजारी धनुष्य धरून बसले होते. तेवढ्यात झुडपातून बाण आला, नराच्या आरपार गेला आणि बाबांच्या कानाजवळ खोडात घुसला. डेल्मस आवाजाच्या मागावर रांगत आला होता. आमच्या ओझार्कच्या डोंगरात असं कोणी करत नाही, कारण आवाजामागे माणूस असू शकतो. त्याने बाण उपटला, पक्षी उचलला आणि चालता झाला.

बाबांचे हात तेव्हापासून थरथरू लागले. ते पुन्हा रानात गेलेच नाहीत. हिवाळ्यात वारले.

डेल्मसने त्या नराचा पिसारा नेवाच्या पशुखाद्याच्या दुकानात दिमाखात टांगला. "मी रांगलो? अगं ओर्ला, पक्षी आपणहून माझ्यापुढे आला. म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल!" वर्षभर हेच. लोक हसायचे आणि मी दातओठ खात घरी यायचे.

एप्रिल लागला तशी मी नेवाला म्हटलं, "तो पिसारा जरा दे."

"ने बाई, धूळ झटकून हात दुखले माझे. पण करणार काय?"

"ज्याचा आहे त्यालाच दाखवणार."

आम्ही धनुष्यवाले आमिषाला ठेवायच्या रबरी नराला खरा पिसारा खोचतो. मीही खोचला. डेल्मसची गाडी जिथे उभी असते त्या रानात, मातीच्या बांधापुढे तो नर ठेवला आणि स्वतः बाजूला, पडलेल्या ओंडक्याआड बसले. मग बाबांची सक्त ताकीद मोडली. रानात नराचा आवाज कधीही काढायचा नाही, कोणीतरी मागावर येतो. मी रबरी नळी हलवून नराची आरोळी दिली.

आला की! पोटावर सरपटत आला.

बाबा म्हणायचे, "पोरी, नराने पाठ करून पिसारा फुलवला की मगच दोरी ओढ. पिसाऱ्यामागचं त्याला दिसत नाही." मी पिसारा मुद्दाम तो येणार त्या झुडपाकडे वळवला होता. डेल्मसची नजर त्यावरच खिळली. गुडघ्यावर उठून त्याने दोरी ओढली. माझ्याही धनुष्याला बाण लावलेला होता. मनात आलं नाही असं म्हणणार नाही.

त्याचा बाण पिसारा फाडून रबरात रुतला. तो ओरडत धावला, नराला हात लावला आणि जागीच थिजला.

मी उठून उभी राहिले. "स्वप्न पडलं का रे डेल्मस?"

"तू... तू मागे बसली असतीस तर?"

"गेल्या वर्षी बाबा बसले होते."

तो धनुष्य उचलून गाडीकडे गेला. बाण मी ठेवून घेतला. शनिवारी नेवाच्या दुकानात, त्याच खिळ्याला, फाटका पिसारा टांगला. आरपार बाण, बाणावर त्याने स्वतः रंगवलेलं नाव. सगळे कॉफी पीत होते तेव्हा डेल्मस खाद्य न्यायला आला.

"हे कोणी केलं?"

नेवा म्हणाली, "पक्षी आपणहून तुझ्यापुढे आला असेल."

कोणी हसलं नाही. तो कसा रांगत येतो ते सगळ्यांना कळलं होतं. डेल्मसने बाण काढायला हात वर केला. हात थरथरत होता, बाबांचा थरथरायचा तसाच. मी कॉफी संपेपर्यंत डोळे भरून बघत राहिले.