तिजोरीतलं दुकान

गल्लीत त्याला लहानथोर सगळे तिजोरीकाका म्हणायचे. खरं नाव फक्त बायकोला ठाऊक, आणि तीही 'अहो'च म्हणायची, म्हणजे तेही गेलंच म्हणा. पोलादी तिजोऱ्या बनवायच्या, विकायच्या, कोणाची किल्ली हरवली तर उघडून द्यायच्या, हा त्याचा धंदा. माणूस धुतल्या तांदळासारखा. आणि आपण तसे आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, एवढीच काय ती खोड.

दुकानाच्या मागच्या भिंतीला त्याने स्वतः बनवलेली एक मोठी तिजोरी होती. तिच्यात सव्वीस वर्षं त्याच्या पुतणीचं दुकान ठेवलेलं होतं. आता दुकान तिजोरीत कसं मावेल, असं तुम्ही विचाराल. पण काका तसंच म्हणायचा. "चिमणे, तुझं दुकान माझ्या तिजोरीत आहे. तू खुशाल झोप."

झालं होतं असं, की काकाचा थोरला भाऊ, म्हणजे चिमणीचा बाप, समोरच चष्म्याचं दुकान चालवायचा. बायको आधीच गेलेली. तो आजारी पडला आणि आता काही खरं नाही हे कळल्यावर त्याने काकाला उशाशी बोलावलं. "माझं दुकान विक. पैसा जप. पोरगी मोठी झाली की याच गल्लीत तिला दुकान घेऊन दे." दुकान घड्याळवाल्याने घेतलं, एक लाख वीस हजाराला. काकाने पैसे तिजोरीत ठेवले आणि एवढ्याशा चिमणीला बोट धरून घरी आणलं.

आणि पैसे जपले म्हणजे काय जपले! मध्ये जुन्या नोटा बंद झाल्या, तेव्हा उन्हात रांगेत उभं राहून बदलून आणल्या आणि होत्या तेवढ्या पुन्हा आत ठेवल्या. काकूचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सावकाराच्या पायऱ्या झिजवल्या, पण या पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदा तर शेजारचं, भिंतीला भिंत लागून असलेलं दुकान विकायला निघालं. काकू म्हणाली, "अहो, घेऊन टाका की त्या पैशांनी. पोरीचे पैसे मागाहून ठेवू." काकाची लाळ गळत होती, खोटं कशाला सांगा. तीन रात्री त्याला झोप आली नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "परक्याची ठेव म्हणजे विष." दुकान चपलावाल्याने घेतलं, आणि काका मात्र त्या दिवसापासून जरा जास्तच ताठ चालायला लागला.

चिमणीने एकदाच, चाचरत विचारलं होतं, "काका, बँकेत ठेवू या का?" काका दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बँकेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, सांग पाहू!" पोरीने तो विषय पुन्हा काढला नाही. ज्यांच्या ताटात जेवून वाढलो त्यांच्यापुढे हिशेबाची भाषा कशी काढायची?

चिमणी बापाच्याच वळणावर गेली. गावातल्या मोठ्या दुकानात चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हात असा, की जाड भिंगाचा म्हातारासुद्धा चष्मा लावल्यावर आधी तिच्याकडे बघून हसायचा. पण मालकाने काचा कापायचं यंत्र आणलं आणि तिला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. त्याच आठवड्यात घड्याळवाल्याने दुकान विकायला काढलं. बापाचंच दुकान! काकू तर रडायलाच लागली. काका म्हणाला, "बघ, दादा वरून बघतोय."

सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. तिजोरी उघडली, पैसे पिशवीत घातले. वर स्वतःच्या साठवणीतले ऐंशी हजार घातले. "भाव थोडेफार वाढलेले असणार," तो चिमणीला म्हणाला. "मी काय दूधखुळा आहे?" चिमणीने पिशवीचं तोंड बांधलं. तिचा चेहरा उतरलेला होता, पण काकाला वाटलं, बापाच्या आठवणीने असेल.

घड्याळवाल्याने दोघांना बसवलं, चहा मागवला. पिशवी काउंटरवर उलटी केल्यावर त्याने नोटांवरून नजर फिरवली.

"दोन लाख दिसतायत."

"बरोब्बर दोन लाख," काका म्हणाला. "मोजून घे."

"मोजायचं काय त्यात, तुझ्यावर विश्वास नाही का? बयाणा म्हणून ठीक आहे. बाकीचे कधी देशील?"

"बाकीचे कुठले?"

"अरे, तीस लाखांतले बाकीचे!"

काका हसला. मोठ्याने हसला. घड्याळवाला थट्टेखोर होताच. मग त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय.

"तीस लाख? या खुराड्याचे?" तो ताडकन उठला. "दिवसाढवळ्या दरोडा घालतोस? माझ्याकडून एक लाख वीस हजाराला घेतलंस! माझ्या या हातांनी पैसे मोजून घेतले होते!"

"कधी घेतलं?" घड्याळवाला शांतपणे म्हणाला. "तेव्हा माझे केस काळे होते रे. आणि दरोडा म्हणशील तर ऐक, औषधवाला बत्तीस द्यायला तयार आहे. तुझ्या दादाचं दुकान, म्हणून तुला तीस सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यापुढे माझाही इलाज नाही."

काकाने चिमणीकडे पाहिलं. तिला धक्का बसलेला दिसत नव्हता. ती नोटा गोळा करून पिशवीत भरत होती.

"तुला माहीत होतं?"

"आकडा माहीत नव्हता. पण दोन लाखांत येणार नाही, एवढं कळत होतं, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात," ती म्हणाली.

काका रस्ता ओलांडून आपल्या दुकानात आला तो चालत आला की त्याला कोणी ओढत आणलं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने पिशवी पुन्हा उलटी केली, नोटा मोजल्या. होत्या तेवढ्या होत्या. पुन्हा मोजल्या. एकही कमी नाही! मग, खोटं वाटेल तुम्हाला, त्याने बॅटरी घेऊन तिजोरीचं कुलूप तपासलं. ना कुठे ओरखडा, ना कुठे खटपट केल्याची खूण. काकू डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. चिमणीने तिला दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. काकूने डबा स्टुलावर ठेवला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, कोणी कापडाचा व्यापारी असावा. त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. "ही अशी मोठी तिजोरी केवढ्याला पडेल?"

काकाची जीभ सवयीने चालली. "तशीच नवी करून देईन. एक लाख पस्तीस हजार. पोलाद फार महागलंय साहेब, पूर्वी हीच साडेपाच हजारांना द्यायचो, पण आता..."

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं.

अहो, दर वर्षी त्याने स्वतः भाव वाढवला होता! पोलाद महागलं, वाढवला. कोळसा महागला, वाढवला. हाताखालच्या माणसाचा पगार वाढला, पुन्हा वाढवला. आणि त्याच तिजोरीच्या पोटात दादाचं अख्खं दुकान पडल्या पडल्या आटत गेलं होतं. आज त्या एक लाख वीस हजारांत दुकान सोडाच, ते ज्या डब्यात ठेवलं होतं तो डबासुद्धा आला नसता.

गिऱ्हाईकाने दोनदा "मालक, मालक" केलं आणि मग घाबरून निघून गेलं.

"चिमणे," काका कसाबसा म्हणाला, "मी एक पैसाही खाल्ला नाही गं."

"माहीत आहे," चिमणी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तेच तर! खाल्ले असते तर बरं झालं असतं! तेव्हा शेजारचं दुकान त्या पैशांनी घेतलं असतंत, तर आज मी तुमच्याशी भांडले असते, गल्लीत तमाशा केला असता, पण अर्धं दुकान पदरात पाडून घेतलं असतं. आता कोणाशी भांडू? तुम्ही काहीच चुकीचं केलं नाहीत. कोणाच्या नावाने बोटं मोडू?"

काकू म्हणाली, "अगं, काकांना असं..." आणि डबा उघडायला घेतला. पोरीचं तरी काय चुकलं होतं?

काकाने नोटा पिशवीत भरल्या. समोर औषधवाला घड्याळवाल्याच्या दुकानात शिरला. हातात टेप होती, आल्या आल्या भिंती मापायला लागला.

"हे माझं दुकान," काका शेवटी म्हणाला, "मी दादाचं दुकान विकलं त्याच वर्षी घेतलं. एक लाख वीस हजारालाच. कर्ज काढून घेतलं, तेव्हा वाटायचं, माझं कर्जाचं आणि पोरीचं रोखीचं, तीच सुखी." त्याने तिजोरीच्या दारावर हात ठेवला. "दोन्ही दुकानं सारखी होती गं. मी माझं उन्हात उभं केलं आणि तुझं कुलपात घातलं." त्याने डोळे पुसले. "निम्मं तुझं. उद्या वकिलाकडे जाऊन तुझ्या नावावर करतो. भाडं नाही, उपकार नाही. मध्ये भिंत घालू."

बोलून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. आता पोरगी नको नको म्हणेल, काकूच्या गळ्यात पडून रडेल, मग आपण आग्रह करू, असं सगळं त्याच्या मनात तयार होतं. लहानपणापासून तिने या घरात दुसरी पोळीसुद्धा मागून घेतली नव्हती.

चिमणी उठली. दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि परत आली. दारातल्या उजेडात तिने तळहात धरून पाहिला.

"मला पुढचं निम्मं पाहिजे," ती म्हणाली. "काचेच्या कामाला उजेड लागतो."

काकूने तोंडाला पदर लावला. पुढचं निम्मं म्हणजे रस्ता, पाटी, येणारं-जाणारं सगळं गिऱ्हाईक. काकाला मागे अंधारात बसावं लागणार होतं, आणि तिजोरी घ्यायला येणाऱ्याला चष्म्याच्या दुकानातून वाट काढत यावं लागणार होतं. त्याने चिमणीच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती, आणि रागातही नव्हती. आपलं घेणं मागणाऱ्या माणसासारखी ती उभी होती.

"घे," काका म्हणाला, आणि मागच्या कोपऱ्यात आपलं टेबल कुठे बसेल ते बघायला लागला.