फाटकाच्या वरचा शेजार

उल्वानेस गावाच्या टोकाला, जिथून स्कोराच्या सुळक्याची वाट सुरू होते, तिथे मेंढ्या अडवायला एक लाकडी फाटक आहे. फाटकाच्या वर, सुळक्याच्या बाजूला, जो भेटेल त्याला ‘हेई’ म्हणायचं, ही तिथली रीत. ओळख नसली तरी म्हणायचं, धाप लागून जीव जात असला तरी म्हणायचं. आणि फाटकाच्या खाली कुणालाही काही म्हणायचं नाही, हीसुद्धा रीतच. वर ज्याच्याशी हसून बोललो तोच तासाभराने दुकानात समोर आला, तर आपण चीजच्या वेष्टनावरचा मजकूर वाचू लागायचं. तो लोण्याच्या वेष्टनावरचा वाचतो. यात कुणाचा अपमान होत नाही. उलट, आपण एकमेकांना किती जपतो, असंच सगळ्यांना वाटतं.

आस्लाक ट्वेटनेसला ही व्यवस्था जन्मभर मानवली होती. एकतीस वर्षं तो फेरीबोटीच्या तळाशी इंजिनाजवळ काम करत होता, आणि इंजिन काही विचारत नाही. पुढे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, खालून बोगदा झाला, बोट बंद पडली आणि आस्लाक घरी बसला. त्याच वर्षी शेजारच्या पिवळ्या घरात बोर्गिल्ड राहायला आली. शाळेत परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, विधवा, चालायला काटक.

दोघांच्या दारांत चाळीस पावलांचं अंतर होतं. चार वर्षांत ते कुणी ओलांडलं नव्हतं. थंडीत दोघं एकाच वेळी आपापल्या दारापुढचा बर्फ उपसत आणि एकमेकांकडे पाठ करून उपसत. पण दर रविवारी बोर्गिल्ड सुळक्यावर जाई, म्हणून आस्लाकही जाई. तो चढत असताना ती उतरत असे. ‘हेई’, ‘हेई हेई’, संपलं. गेल्या सप्टेंबरात मात्र ती थांबून म्हणाली होती, “आज दगड ओले आहेत.” या वाक्यावर आस्लाकने अख्खा हिवाळा काढला.

आणि गेल्या मंगळवारी पिवळ्या घरासमोर ‘विकणे आहे, मालकीण ट्रॉन्हाइमला मुलीकडे जात आहे’ अशी पाटी लागली.

बर्गेनला राहणाऱ्या बहिणीला, टोराला, त्याने फोनवर हे सांगितलं. तेही हवामान, गुडघा आणि डिझेल यांवर बोलून झाल्यावर.

“मग जा आणि विचार तिला जेवायला येतेस का म्हणून,” टोरा म्हणाली. “चाळीस पावलं तर आहेत!”

“असं कसं जाणार? काही कारण नको?”

“अरे दगडोबा, ती ट्रॉन्हाइमला मुलीकडे चाललीय, हे कारण पुरत नाही तुला?”

“दार वाजवलं तर घाबरेल ती. तिला वाटेल, कुणीतरी गेलं.”

हे टोरालाही पटलं. उल्वानेसमध्ये न कळवता दार वाजतं ते तेवढ्यासाठीच.

म्हणजे विचारायचं तर फाटकाच्या वरच. आस्लाक इंजिनवाला माणूस. त्याने हिशेब मांडला. समोरासमोर आलं की दोन सेकंद मिळतात. मागून येऊन ओलांडलं तर चार, पण मागून धापा टाकत आलेल्या पुरुषाने जेवणाचं विचारणं बरं दिसत नाही. राहिली साखळी. माथ्याच्या खाली एका उभ्या कातळावर लोखंडी साखळी ठोकलेली आहे. तिथे एका वेळी एकच जण चढतो, मागच्याला थांबावं लागतं. तिच्या आधी तिथे पोचायचं आणि ती आली की म्हणायचं, “आधी तू जा. आणि हो, आज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येतेस का?” वाक्य त्याने आंघोळीच्या वेळी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. ‘आणि हो’ ठेवावं की काढावं, हे ठरत नव्हतं.

रविवारी तो तिच्या अर्धा तास आधी निघाला. वाट जेमतेम दोन किलोमीटर, पण सरळ अशी नाहीच. मुळं, खडक, वरून पाझरणारं पाणी. आस्लाक एरवी मोजून पाऊल टाकणारा. आज ‘आणि हो’चा विचार करत चालला होता. साखळीच्या बुडाशी दोन दगडांच्या फटीत त्याचा पाय गेला आणि घोट्यातून असा आवाज आला की, तो इंजिनातून आला असता तर त्याने बोट ताबडतोब थांबवली असती.

तो खाली बसला. उठून पाहिलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा बसला. मग डबा काढून मांडीवर ठेवला. डबा समोर असला की बसलेला माणूस विश्रांती घेत असतो.

पहिला आला ओडवार, कुत्र्यासह.

“हेई! बरं आहे ना सगळं?”

“झकास,” आस्लाक म्हणाला.

“देखावा बघतोयस?”

“हो.”

एव्हाना धुकं इतकं उतरलं होतं की ओडवारला स्वतःचा कुत्रा नीट दिसत नव्हता. पण दुसऱ्याच्या देखाव्यात आपण कशाला ढवळाढवळ करा? तो साखळी धरून वर गेला.

मग एक डॅनिश जोडपं आलं. लालबुंद, घामाने निथळत. त्यांच्या देशात डोंगर नाहीत, त्यामुळे त्यांना डोंगरावरच्या रीतीही ठाऊक नाहीत.

“अहो, तुमचा पाय!” बाई ओरडलीच. “केवढा सुजलाय! हेलिकॉप्टर बोलवायचं का?”

“नको, नको!” आस्लाकला घाम फुटला. “तो तसाच आहे. जन्मापासून.”

हेलिकॉप्टर आलं की सोमवारी तालुक्याच्या पेपरात बातमी येणार. त्यात नाव नसणार. ‘साठीतल्या पुरुषाला स्कोरावरून उतरवले’ एवढंच. साठीतले पुरुष गावात सात. त्यांतले सहा दुपारपर्यंत दुकानात दोन पायांवर चालताना दिसणार.

डॅनिश बाई नवऱ्याला म्हणाली, “ही माणसं ना, गोठून मरतील, पण शाल मागणार नाहीत.” आणि दोघं तिथूनच माघारी फिरली.

शेवटी बोर्गिल्ड आली. लाल कानटोपी, पाठीवर छोटी पिशवी.

“हेई.”

“हेई हेई.”

ती थांबली. त्याच्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. आस्लाकने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, ‘आणि हो’सकट. पण उठता न येणाऱ्या माणसाने पाहुणी कशी बोलवावी?

“बरं आहे?” तिने विचारलं.

“झकास.”

तिने मान डोलावली आणि साखळीला हात घातला. लोखंड कातळावर खणखणत गेलं, मग तेही थांबलं. आता ती घर विकून ट्रॉन्हाइमला जाईल आणि आपण इथेच देखावा बघत राहू, असं आस्लाकच्या मनात आलं. डब्यातलं तपकिरी चीज त्याला पहिल्यांदाच कडू लागलं.

पाऊण तासाने ती उतरली. तो तिथेच.

“अजून बघतोयस?”

“हो.”

“काय?”

“फ्योर्ड.”

दोघांनी धुक्याकडे पाहिलं. मग ती दोन हातांवरच्या दगडावर बसली, थर्मास उघडला, कॉफी प्यायली. मग दुसरा पेला ओतला, मग तिसरा. गावातली दोन माणसं इतका वेळ जवळ बसून गप्प आहेत म्हणजे त्यांचं चांगलं जमतं, असं पाहणाऱ्याला वाटलं असतं.

आस्लाकने आठवडाभर एक वाक्य घोटलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

“मला उठता येत नाही.”

“कधीपासून?”

“नऊ वाजल्यापासून.”

“घोटा मोडलाय, किंवा स्नायू तुटलाय,” बोर्गिल्ड म्हणाली. “जातानाच दिसलं मला. सलगमाएवढा झालाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू झकास म्हणालास. मोठा माणूस आपणहून झकास म्हणतोय, तिथे मी कोण मध्ये पडणार?” मग तिचा आवाज बारीक झाला. “वर गेल्यावर मात्र चैन पडेना. म्हणून परत आले, तू मदतीचं विचारशील म्हणून थांबले. तू काही विचारायलाच तयार नाहीस. कॉफी संपली माझी.”

तिने आपल्या गळपट्ट्याने पाय घट्ट बांधला. हात कामाचे होते, आस्लाक कळवळला तरी थांबले नाहीत. मग त्याला बसल्या बसल्याच खाली घसरवायला सुरुवात केली.

“बूड उचल. आता टेकव. अरे, पोतं आहेस का?”

“दुखतंय.”

“हे ‘झकास’च्या वेळी सांगायचं होतं.”

वर चढणारे लोक भेटतच होते. प्रत्येकाला आस्लाकने जमिनीवरूनच ‘हेई’ म्हटलं, आणि प्रत्येकाने तितक्याच सभ्यपणे उत्तर देऊन नजर झाडांकडे वळवली. दोन किलोमीटरना तीन तास लागले.

फाटकाशी सपाटी लागली तसा आस्लाक तिच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. खालचा रस्ता लागला. आता ती गप्प होईल, खांदा काढून घेईल. बोर्गिल्डने फाटक पायाने ढकललं आणि म्हणाली, “डाव्या बाजूला भार दे, उजव्या नाही. किती वेळा सांगू?” केव्हाच उतरून दुकानापुढे उभ्या असलेल्या ओडवारने ताबडतोब सूचनाफलक वाचायला घेतला.

ती कुणीही न बोलावता त्याच्या घरात शिरली, बूट काढले, त्याला खुर्चीत बसवून पाय स्टुलावर ठेवला आणि शीतकपाट उघडलं. बर्फ नव्हता. तिने गोठलेल्या कॉड माशाची मोठी पुडी काढली, फडक्यात गुंडाळून घोट्यावर ठेवली आणि तालुक्याच्या डॉक्टरला फोन केला. तो चारनंतर येतो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास गेला. बोर्गिल्डने बोटाने पुडी दाबून पाहिली.

“हा मासा आता वितळायला लागला. परत गोठवता येणार नाही. आजच शिजवावा लागेल.”

आस्लाकने पुडीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला.

“बटाटे आहेत,” तो म्हणाला.

बोर्गिल्डने कानटोपी काढून टेबलावर ठेवली आणि सुरी कुठे असते, ते विचारलं.